इथे रोज लग्न असतं

"सलाम," असं म्हणून माझ्या चार वर्षांच्या भावाने, दावीदने, फौजदारसाहेबांसमोर कपाळाला हात लावला आणि दारातल्या शिपायाचा हात एकदम बंदुकीच्या पट्ट्यावर गेला.

दावीदचा त्यात काही दोष नव्हता. आमच्याकडे पोर बोलायला लागलं की आधी 'आई' शिकवतात आणि मग 'सलाम'. वैजापूरकडच्या आम्हा ख्रिस्ती लोकांचा तोच रामराम. उपासना सुटली की सलाम, लग्नात सलाम, मयतीला गेलं तरी सलाम. पण त्या वेळी आम्ही वैजापुरात नव्हतो. आम्ही होतो गडचिरोलीच्या अगदी दक्षिण टोकाला, इरुकटोला नावाच्या गावात. तिथे 'सलाम' हा शब्द शाळेच्या भिंतीवर चिकटवलेल्या पत्रकांत असायचा, तोही तांबड्या शाईत, आणि त्याच्या आधी 'लाल' असायचं. ती पत्रकं जंगलातली माणसं लावायची आणि पोलीस फाडायचे. मधे आम्ही.

"पोराला बी शिकवलंय वाटतं," फौजदार म्हणाले. ते साताऱ्याकडचे, महिन्यापूर्वीच या चौकीत आलेले.

"शिकवलं नाही साहेब, वळण आहे आमचं," आई म्हणाली आणि हातातला डबा तिने टेबलावर ठेवला. फौजदारांनी डबा उघडायला लावला. आत भाकरी, वांग्याचं भरीत आणि कांदा निघाला. कांदासुद्धा त्यांनी उलटा करून बघितला.

माझे वडील, पाळक शांतवन त्रिभुवन, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते. सकाळी सातला 'पाच मिनिटांचं काम आहे' म्हणून त्यांना घरून नेलं होतं. आता साडेदहा वाजले होते. मडावी हवालदार आईला येऊन हळूच सांगून गेले होते की, बाराच्या गाडीने पाळकसाहेबांना जिल्ह्याला धाडणार आहेत. एकदा जिल्ह्याला नेलं की पाच मिनिटांचं काम पाच महिन्यांचं होतं, हे त्या भागातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. नाताळ चार दिवसांवर आला होता. आईने मला आणि दावीदला दोन हातांना धरलं आणि डबा डोक्यावर घेऊन ती निघाली.

पप्पांनी केलं काय होतं? पत्र पाठवलं होतं. आणि ते लिहिलं होतं मी.

आमच्या घरी पत्राची एक रीत होती. पप्पा सांगणार आणि मी लिहिणार, म्हणजे माझं अक्षर सुधारतं. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. एरवी पप्पा आमच्याशी चारचौघांसारखं बोलायचे, पण पत्र सांगायला बसले की ते थेट व्यासपीठावर चढायचे. पत्र वैजापूरला त्यांच्या थोरल्या बहिणीला, आक्काला जायचं. आक्का तिथल्या मंडळीच्या बायकांचं सगळं काम बघायची आणि आम्हाला लागेल ते पाठवायची. त्या दिवसांत टपालाची थैली चौकीवरून पुढे जायची आणि आमचं निळं अंतर्देशीय पत्र फौजदारांनी ब्लेडने वरची कड कापून उघडलं होतं. ते आता त्यांच्यासमोर पसरलेलं होतं आणि त्यावर त्यांनी पेन्सिलीने सात ठिकाणी खुणा केल्या होत्या.

"बसा बाई. तुमच्या मालकांनी काय काय लिवलंय ते ऐका," ते म्हणाले आणि वाचायला लागले. त्यांच्या तोंडून ते पत्र ऐकताना मलासुद्धा ते दुसऱ्याच कुणाचं तरी वाटायला लागलं.

"प्रिय भगिनी, सप्रेम सलाम. इकडील कार्य जोरात चालले आहे. या महिन्यात नवे सात जण सामील झाले. त्यांना येत्या रविवारी नदीवर नेणार आहोत." त्यांनी वर बघितलं. "नदीवर कशाला?"

"बाप्तिस्म्याला," पप्पा म्हणाले.

"पुढं. पीक कापणीला आले आहे, परंतु कामकरी फार थोडे. तिकडून दोन खंबीर कामकरी पाठवावेत. लाल पुस्तके संपली. आणखी पन्नास पाठवावीत."

"ते गीतांचं पुस्तक आहे, साहेब. त्याचं पुठ्ठ्याचं कव्हर लाल असतं," पप्पा म्हणाले.

"असंल. शत्रू चोहोकडे टपून बसला आहे, परंतु आम्हीही शस्त्रसामग्री धारण करून सज्ज आहोत. कोण शत्रू, पाळक?"

"सैतान."

"म्हंजे कोण? आमीच का?"

पप्पांनी यावर नुसतं 'नाही' म्हणायचं होतं. पण ते पडले पाळक. सैतान कुणाच्याही मनात शिरू शकतो, त्याला खाकी आणि खादी सारखीच, असं त्यांनी समजावून सांगायला घेतलं. आईने कपाळाला हात लावला. जितकं ते समजावत गेले तितकं प्रकरण बिघडत गेलं. शेवटी फौजदारांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि खालचं, दोनदा रेघ मारलेलं वाक्य वाचलं.

"मोठा दिवस जवळ आला आहे. त्या दिवशी टेकडीवर तारा लावणार आहोत. बॅटरीची सोय झाली आहे."

ती बॅटरी टेबलाखालीच पडलेली मला दिसली. एका ठेकेदाराच्या मोडक्या जीपची ती बॅटरी पप्पांनी नाताळापुरती मागून आणली होती.

"साहेब, मोठा दिवस म्हणजे नाताळ आणि तारा म्हणजे चांदणी हो," आई म्हणाली. "नाताळची चांदणी. आत दिवा लावायची. मी यांना शंभरदा सांगितलं की चांदणी म्हणा. पण यांचं आपलं एकच, शास्त्रात तारा आहे तर तारा."

"आता तुमी चांदणीच म्हणणार, बाई. नवऱ्याला सोडवायला आलाय न्हवं? कुठाय ती चांदणी?"

चांदणी अजून बांधायची होती. घरी पडवीत नुसता बांबू पडला होता आणि नुसता बांबू कुणाला काय दाखवणार?

मडावी हवालदार दारातून आत सरकले. ते तिथल्याच एका गोंड घराण्यातले, उंच आणि शांत. "साहेब, मी वळखतो यायले. लय साधा मानूस आहे जी. अन् ते सात लोक म्हनता, त्यात माझी मावशी आहे. सत्तरीची म्हातारी, तिले धड चालता येत नाई."

"म्हंजे तुझीबी मावशी सामील झाली?" फौजदार म्हणाले, आणि मडावी बिचारे परत दाराकडे सरकले.

आज मला त्या फौजदारांचा राग येत नाही. त्याआधी पंधराच दिवस नदीच्या वाटेवर तारा, म्हणजे वायरी, आणि अशीच बॅटरी जमिनीखाली होती आणि त्यांची गाडी उडाली होती. त्यात त्यांचा ड्रायव्हर गेला. हे आम्हाला मागाहून कळलं. 'मोठा दिवस, टेकडी, तारा, बॅटरी' हे एका ओळीत वाचून त्यांनी काय समजायचं होतं?

घड्याळात अकरा वाजून गेले होते. बाहेर गाडीचा ड्रायव्हर चाकात हवा भरत होता. पप्पांनी आईला जवळ बोलावून रविवारचं सांगायला सुरुवात केली. गीतं कोणती घ्यायची, म्हाताऱ्या मावशीला नदीपर्यंत बाजेवर न्यायचं, माझं गणित कच्चं राहतंय तिकडे बघायचं. आई मान हलवत होती आणि पदराच्या टोकाला पीळ देत होती. पप्पांचा आवाज अगदी नेहमीचा होता.

त्या खोलीत फक्त मला एक गोष्ट ठाऊक होती.

अंतर्देशीय पत्राला दोन्ही बाजूंनी आत दुमडायच्या पट्ट्या असतात. पप्पांनी पत्र तपासून दिलं की ते चिकटवायचं काम माझं. त्या दिवशी चिकटवण्याआधी मी त्या दोन्ही पट्ट्यांवर, मुंगीएवढ्या अक्षरांत, आक्काला माझं माझं काहीतरी लिहिलं होतं आणि वर भाताची शितं लावून पट्ट्या घट्ट बसवल्या होत्या. फौजदारांनी वरची कड कापली होती. पट्ट्या तशाच चिकटलेल्या होत्या. त्यात चांदणीचा उल्लेख होता. पण त्यात आणखीही काही होतं, आणि ते पप्पांच्या कानावर जाऊ नये म्हणूनच तर मी ते तिथे लपवलं होतं. ते वाचलं गेलं तर पप्पांना काय वाटेल, या विचाराने मी आईच्या मागे सरकले.

खोटं सांगत नाही, मी दहा मिनिटं तरी तशीच उभी राहिले असेन. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला तेव्हा कुठे तोंड उघडलं.

"साहेब, पत्र पुरं वाचलं नाही तुम्ही."

"काय गं?"

"कडेला आहे अजून. पट्टीच्या आत. ते पप्पांनी नाही सांगितलं, मी लिहिलंय."

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी नाही बघितलं.

मडावींनी चहाची किटली आणली. तिच्या तोंडाशी पत्र धरलं, वाफ लागली, शितं मऊ झाली आणि पट्ट्या सुटल्या. फौजदारांनी कागद खिडकीशी नेला आणि डोळे बारीक करून मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"आक्का, सलाम. हे पप्पांना दाखवलेलं नाही. माझा पतंगाचा लाल कागद पप्पांनी टेकडीवरच्या चांदणीला लावायला घेतला. मला विचारलं पण नाही. ते चांदणीला तारा म्हणतात."

आईने "बघा," एवढंच म्हटलं. फौजदारांच्या ओठाचा एक कोपरा हलला. तेवढ्यावर त्यांनी थांबावं म्हणून मी मनात प्रार्थना केली. पण पोलिसाच्या हातात कागद आला की तो शेवटपर्यंत वाचतो.

"इथे रोज संध्याकाळी फटाके वाजतात. पप्पा म्हणतात, कुणाचं तरी लग्न आहे. इथे रोज लग्न असतं, पण वरात कधी येत नाही आणि जेवायला कुणी बोलवत नाही." इथे ते मोठ्याने हसले. मग पुढची ओळ त्यांना दिसली असावी, कारण त्यांचा आवाज खाली आला. "मला खूप भीती वाटते. तू फार आजारी आहेस असं पत्र पाठव. म्हणजे आम्ही परत येऊ. पप्पा फक्त तुझंच ऐकतात. तुझी सलू."

मी, सलोमी शांतवन त्रिभुवन, जमिनीकडे बघत उभी होते. पप्पा काय करताहेत ते बघायचं मला धैर्य नव्हतं. दावीदने विचारलं, "कुणाचं लग्न?" आईने त्याला जवळ ओढलं.

फौजदारांनी कागदाची नीट घडी घातली. "मीबी घरी ह्या लग्नासारखंच लिवतो," ते म्हणाले. "इकडं समदं शांत हाय, काळजी करू नका, म्हणून." मग बाहेरच्या ड्रायव्हरला त्यांनी मोकळ्या गाडीने जायला सांगितलं. पप्पांकडे वळून म्हणाले, "चोरून लिवणारी पोरगी खोटं कशाला लिवंल? जावा घरी, पाळक. पर ती चांदणी टेकडीवर नगं. रातीचा टेकडीवर दिवा दिसला तर माझीच माणसं गोळी घालतील. घरावर लावा. आन् त्यो सलाम तेवढा…"

"सलाम म्हणजे शांती, साहेब," पप्पा म्हणाले.

"व्हय, पर जरा हळू म्हणा."

घरी जाताना बॅटरी मडावींच्या सायकलवर होती आणि आई त्यांच्याशी मावशीच्या गुडघ्यांबद्दल बोलत पुढे चालली होती. तिने मुद्दाम अंतर टाकलं होतं, हे आता कळतं. पप्पा माझ्या बरोबरीने चालत होते. मोहाच्या झाडांपाशी आल्यावर त्यांनी विचारलं,

"सलू, मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं, पप्पा. दोनदा. तुम्ही म्हणालात, लग्न आहे."

माझे वडील उत्तराला कधी अडले नव्हते. फौजदारांपुढेसुद्धा नाही. त्या वाटेवर मात्र त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. पुढून आईचा आवाज आला, "दर रविवारी अख्ख्या गावाला उत्तरं देता. आता द्या की." तिचे कान भारी तिखट होते.

त्या संध्याकाळी आम्ही पडवीत चांदणी बांधत बसलो. माझा लाल कागद वापरायचा का, हे पप्पांनी मला रीतसर विचारलं आणि मी रीतसर परवानगी दिली. बांबूच्या कामट्या बांधून होत आल्या होत्या तेव्हा टेकडीकडून आवाज आला. तड, तड, आणि मग एक मोठा.

"लग्न!" दावीद टाळ्या पिटत म्हणाला.

पप्पांनी हातातली सुतळी खाली ठेवली. "नाही दावीद," ते म्हणाले. "लग्न नाही. गोळ्या आहेत. टेकडीच्या पलीकडे चालल्यात, लांब आहेत." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "जवळ आल्या तर मी तुला सांगेन. तुला आधी."

मोठ्या माणसांना वाटतं, खरं सांगितलं की पोरं जास्त भितात. मला तरी त्या रात्री महिनाभरात पहिल्यांदा गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी पप्पांनी ते पत्र भाताची शितं लावून पुन्हा चिकटवलं. कापलेली कड, पेन्सिलीच्या खुणा, पट्ट्यांवरचा माझा मजकूर, सगळं तसंच. ते कडेचं खोडू का, असं मी विचारलं. "ते आक्काला लिहिलंय, मला नाही," ते म्हणाले आणि पत्र टपालात टाकून आले. नाताळला चांदणी आमच्या कौलांवर लागली. फौजदार दोन शिपाई घेऊन बघायला आले. त्यांनी करंज्या खाल्ल्या. निघताना दावीदने त्यांना सलाम केला, अगदी हळू, आणि त्यांनीही हळूच केला.

जानेवारीच्या मध्याला आक्काचं पत्र आलं. पप्पांनी ते आम्हा सगळ्यांना वाचून दाखवलं. आक्का फार आजारी होती. तिला मधुमेह झाला होता, संधिवात झाला होता, डोळ्यांपुढे अंधारी येत होती, एका पायाला सारख्या मुंग्या होत्या आणि डॉक्टरांनी आशा सोडली होती. शांतवनाने मुलाबाळांना घेऊन ताबडतोब निघावं, असं तिने लिहिलं होतं. खाली ताजा कलम होता: नाताळच्या करंज्या यंदा दोनशे केल्या, एकटीने, सोबत पाठवत आहे.

आई हसता हसता भिंतीला टेकली. पप्पा हसले नाहीत. त्यांनी पत्र माझ्या हातात दिलं.

"आक्का फार आजारी आहे," ते म्हणाले. "जायचं का, सलू? तू सांग. तू म्हणशील तसं."

ते थट्टा करत नव्हते. तेव्हा मी 'हो' म्हटलं असतं तर त्यांनी आठवड्यात पेटी भरली असती. हे मला त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि आज ते नसताना, इतक्या वर्षांनीही दिसतं. मला भीती अजून वाटत होती. पण परत जायची जी घाई होती ती कुठे गेली, मला कळेना. मी जायचं नाही म्हणून मान हलवली. मग कोरं अंतर्देशीय पत्र काढलं, पेन उघडलं आणि नेहमीप्रमाणे पप्पा सांगतील म्हणून वाट बघत बसले.

"आज मी काही सांगत नाही," पप्पा म्हणाले. "तूच लिही."

म्हणून मी लिहिलं, मोठ्या अक्षरात, पट्टीवर नाही, पानाच्या मधोमध:

"आक्का, सलाम. तुझा आजार वाचून आई खूप हसली. करंज्या पोचल्या, लवकर बरी हो. आम्ही येत नाही. इथे रोज लग्न नसतं. त्या गोळ्या असतात, पण लांब असतात. जवळ आल्या तर पप्पा मला सांगणार आहेत."